निळ्या डब्यातली कॉफी

मला माझी नाडी सापडत नव्हती. नोकरीचा पहिला दिवस, स्टाफरूममध्ये पंधरा-वीस जण बसलेले, आणि समोर खाकी कोटातला एक उंच, जरा पोक आलेला माणूस मनगटावरचं घड्याळ डोळ्यांशी धरून उभा. मी डाव्या मनगटावर बोटं फिरवून पाहिली, उजव्या मनगटावर फिरवली, बोटांना काही लागेना. "शोधा बाई, असणार," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. "नसती तर जिना चढून वर आला नसतात."

प्राणिशास्त्राचे हे सर कुणालाही भेटले की आधी नाडी बघत. पुरुषांचं मनगट ते सरळ हातात घेत आणि नमस्कार-चमत्कार नंतर करत. बायकांच्या हाताला मात्र हात लावत नसत. बायकांनी आपली नाडी आपण मोजायची, सर नुसतं घड्याळ बघणार आणि वेळ झाली की "बस" म्हणणार. आपण किती रीतभात पाळतो याचा त्यांना केवढा तरी अभिमान होता. समोरच्या बाईला पंधरा माणसांसमोर आपल्या काळजाचे ठोके मोठ्यानं सांगावे लागतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी पिशोरची, खेड्यातली. आमच्याकडं परक्या माणसाला बाई आपलं नाव सांगते तीही पदर सावरून. शिवाय मी जात्याच तोंडाळ. म्हटलं, "सर, मी इथं संख्याशास्त्र शिकवायला आलेय, तपासून घ्यायला नाही."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. घड्याळ खाली गेलं. "संख्याशास्त्र? खुदा की कसम, बाई, चार वर्षं झाली, तुमचीच वाट बघतोय."

सगळी स्टाफरूम हसली. का हसली ते मला पुढच्या आठवड्यात कळलं: कॉफीनं हृदयावर काय परिणाम होतो याचा प्रयोग सर एकटेच करत होते, आणि आकड्यांची गणितं करायला त्यांना कुणी तरी हवं होतं. मी त्यांच्या कॉफीत पडले होते, आणि पुढची सहा वर्षं त्यातून बाहेर निघाले नाही.

कॉफी आणि औरंगाबाद यांचा तेव्हा काही संबंध नव्हता. हे चहाचं गाव. लग्न जुळलं, चहा. भांडण मिटलं, चहा. ऑफिसातला साहेब जागेवर नसला, चला चहाला. कॉफी म्हणजे लग्नाच्या पंगतीनंतर जायफळ टाकून येणारं गोड तपकिरी दूध. आमच्या कॉलेजात खऱ्या कॉफीची चव ठाऊक असलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि सर त्यातल्या सगळ्यांना ओळखून होते. म्हणूनच तर हे गाव त्यांना प्रयोगासाठी फार सोयीचं वाटायचं. "इथं कॉफी म्हणून काहीही द्या, कुणाला फरक कळणार नाही," असं ते मोठ्या कौतुकानं म्हणत.

सर हैदराबादेत शिकलेले. विज्ञान उर्दूतून शिकले. पोलीस ॲक्शन झाली तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. पुढं मराठीतून शिकवलं, इंग्रजीतून शिकवलं, पण आकडे मात्र जन्मभर उर्दूत मोजले आणि उर्दूतच लिहिले. हृदयावरचा तास असला की बोलता बोलता एकदम "कल्ब" म्हणून जायचे आणि मग स्वतःच हसून फळ्यावर मराठी शब्द लिहायचे. संशोधनाला ते तहकीक म्हणत. त्यांचं एक पालुपद होतं. कुणी "मला वाटतं" म्हणालं रे म्हणालं की सर विचारणार, "मोजलं का?" एकदा स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य म्हणाले, "मला वाटतं, सहामाही परीक्षा आठवडाभर पुढं ढकलावी." मागच्या बाकावरून आवाज आला, "मोजलं का?" प्राचार्य इतके चिडले की सर उठले, पुढं गेले आणि त्यांचं मनगट हातात घेऊन घड्याळाकडं बघायला लागले. मीटिंग तिथंच संपली. परीक्षा ठरल्या दिवशी झाली.

कॉफीवर जगात कुठं काय छापून येतं याच्यावर त्यांचं बारीक लक्ष. परदेशातल्या प्राध्यापकांना पत्रं लिहून त्यांचे शोधनिबंध मागवत. वर्तमानपत्रातली कात्रणं एका जाडजूड वहीत चिकटवत. कॉफी हृदयाला वाईट असं कात्रण डाव्या पानावर, चांगली असं उजव्या पानावर. "समोरासमोर बसवलंय दोघांना," ते म्हणत. "भांडू दे." एखादा निबंध वाचताना मध्येच उठून माझ्या टेबलाशी यायचे. "बाई, हे बघा. कॉफी पिणाऱ्यांना हृदयविकार जास्त, म्हणतो हा. पण कॉफीबरोबर सिगारेट ओढणारे वेगळे काढले का यानं? नाही काढले. मग हा कॉफीला कसा काय फासावर देतो?" बोलताना त्यांचा आवाज चढायचा. आरोपी ठरलेल्या शेजाऱ्याची बाजू घ्यावी तसे ते कॉफीची बाजू घेत, आणि लगेच स्वतःला सावरत. "मी बाजू नाही घेत हं. मी फक्त विचारतोय."

एकदा मुलांची सहल अजिंठ्याला नेली होती. परतताना फर्दापूरला बस थांबली. तिथं झाडाखाली एक गोरा पर्यटक थर्मासमधून काही तरी पीत बसला होता. वास आल्याबरोबर सर चालायला लागले. मी मागून धावले, पण उशीर झाला होता. सरांनी त्याचं मनगट धरलंही. त्या बिचाऱ्याला वाटलं, हा हात बघणारा ज्योतिषी. त्यानं तळहात उलगडून पुढं केला आणि विचारलं, माझं भविष्य काय? सरांनी मिनिटभर घड्याळ पाहिलं आणि सांगितलं, "जरा जलद आहे, पण नियमित आहे." तो माणूस इतका खूश झाला की त्यानं आमच्या बसबरोबर फोटो काढून घेतला. सर परतीच्या वाटेवर मला एवढंच म्हणाले, "कॉफी घेण्याआधीची नाडी मिळाली असती तर बरं झालं असतं."

हे सगळं मी घरी पत्रातून लिहायची आणि आमच्या घरचे हसून हसून लोळायचे. मीही हसायची. पण गारखेड्याला त्यांच्या घरी गेले तेव्हापासून माझं ते हसणं बदललं.

गारखेडा तेव्हा अजून शहरात पुरता शिरला नव्हता. घराच्या मागं ज्वारीचं शेत होतं. सर ओसरीत लोखंडी तव्यावर कॉफीच्या हिरव्या बिया भाजत बसले होते. बियांचं पार्सल रायचूरहून आलेलं. त्यांच्या पत्नीचं माहेर रायचूरचं. लग्न झालं तेव्हा रायचूर आणि औरंगाबाद एकाच राज्यात होती. पुढं राज्यांच्या वाटण्या झाल्या आणि बाईंचं माहेर परराज्यात गेलं. माहेरातून त्यांनी पितळेचा कॉफी गाळायचा फिल्टर आणला होता. सर तोवर चहाचे. बाईंनी त्यांना बिया निवडायला, भाजायला, दळायला शिकवलं, आणि पुढं पुढं सकाळची कॉफी सरच करायला लागले.

"ही गेली त्याला पाच वर्षं होतील," सर तवा हलवत म्हणाले. "मेव्हणा अजून बिया धाडतो. नको कसं म्हणू?"

मग त्यांनी सांगितलं. बाईंना हृदयाचा त्रास होता. डॉक्टरांनी मीठ कमी केलं, जिना बंद केला, कॉफी बंद केली. मीठ कमी झालं, जिना बंद झाला. कॉफी झाली नाही. सर रोज सकाळी अर्धा पेला करून त्यांच्या हातात द्यायचे, शेवटच्या दिवसापर्यंत. त्या गेल्यावर डॉक्टर भेटायला आले. जाता जाता चपला घालताना म्हणाले, कॉफी तेवढी थांबवली असतीत तर अजून काही वर्षं काढली असती त्यांनी.

"तो भला माणूस. सहज बोलून गेला," सर म्हणाले. "मी साऱ्या गावाला विचारत फिरतो, मोजलं का. त्या दिवशी त्याला विचारायला तोंडातून शब्द फुटला नाही बघा." तव्यातल्या बिया तडतडायला लागल्या होत्या. "मला एवढंच कळून घ्यायचंय, बाई. मी हिला मारलं का?"

मला जे एकच करता येण्यासारखं होतं ते मी केलं. दुसऱ्या दिवशी वही घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि म्हटलं, "सर, तुमचा प्रयोग नीट मांडू या. तुम्ही आतापर्यंत जे केलंय ते सगळं फेकून द्यावं लागेल."

"बेशक," ते म्हणाले.

मांडणी अशी होती. रोज अकराच्या मोकळ्या तासाला स्टाफमधली दोन माणसं प्रयोगशाळेत यायची. आधी नाडी आणि रक्तदाब मोजायचा, मग एक कप प्यायचा, तासाभरानं पुन्हा मोजायचं. प्रत्येकानं वेगवेगळ्या दिवशी दोनदा यायचं. एका दिवशी त्याला खरी कॉफी मिळणार, दुसऱ्या दिवशी खोटी, आणि सगळ्यांची फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून. कोणत्या दिवशी कोणती, हे पिणाऱ्याला ठाऊक नाही आणि मोजणाऱ्या सरांनाही ठाऊक नाही. मी चिठ्ठ्या टाकून यादी केली होती. ती पाकिटात घालून ज्याच्या हाती दिली, आणि कॉफी करून ओतायचं कामही ज्याच्याकडं दिलं, त्याचं नाव बशीरभाई.

बशीरभाई प्रयोगशाळेत पंचवीस वर्षं होते. झुरळांपासून सांगाड्यापर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात. सरांचे उर्दू आकडे कॉलेजात फक्त त्यांनाच वाचता यायचे, त्यामुळं ते वाचायचे आणि मी मराठीत उतरवून घ्यायची. खोटी कॉफीही त्यांच्याच मोहल्ल्यातून आली. रमजानात घरोघरी खजूर खाल्ला जातो. बशीरभाईंनी सगळ्यांना सांगून ठेवलं, गुठल्या फेकू नका, आमच्या साहेबांना औषधाला पाहिजेत. पोतंभर बिया जमल्या. सरांनी त्या धुऊन, भाजून, दळून घेतल्या आणि थोडी चिकोरी मिसळली. रंग कॉफीचा, कडवटपणा कॉफीचा, दूध-साखर घातली की प्रत्यक्ष मला कळेना. खरी पूड लाल डब्यात, खजुराची निळ्या डब्यात. लाल डब्याची कॉफी लाल किटलीत, निळ्याची निळ्या किटलीत. सर डब्यांच्या टेबलाकडं बघत सुद्धा नसत. मध्ये फुलाफुलांची जुनी चादर टांगली होती आणि चादरीच्या अलीकडं सर पाठ करून बसत. मागं वळायची वेळ आली तर डोळे मिटून वळत.

गंमत एवढीच होती की सकाळपासून चहा प्यायचा नाही, असा नियम होता. त्या नियमानं कॉलेजची अवस्था बिकट झाली. मराठीच्या सरांचं डोकं दुखायचं. खेळाच्या सरांनी मैदानावर एका मुलाला विनाकारण पाच फेऱ्या मारायला लावल्या. हेडक्लार्क तर कप तोंडाला लागायच्या आत म्हणायचे, "लई तरतरी आली बघा सर." सर चादरीआडून ओरडायचे, "अजून प्यायला नाहीत तुम्ही!" हेडक्लार्क म्हणायचे, "वासानंच आली."

हे दोन वर्षं चाललं. मग एका शनिवारी बशीरभाईंनी आकडे वाचले, मी उतरवले, पुढचे पंधरा दिवस गणितं केली. दोनदा केली. दोन्ही किटल्यांमध्ये काही फरक नव्हता. नाडीत नाही, रक्तदाबात नाही. खरी कॉफी आणि खजुराच्या बिया, प्यायल्यावरचा चढ-उतार सारखाच.

मी सांगितलं तेव्हा सर स्टुलावर बसले होते. त्यांनी चष्मा काढला. कोटाच्या बाहीनं पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग म्हणाले, "म्हणजे कॉफीनं काही होत नाही."

"आपल्या प्रयोगात तरी काही दिसलं नाही, सर."

ते रडले. मोठा माणूस रडताना बघायची मला सवय नव्हती. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. त्या आठवड्यात सर वेगळेच माणूस झाले. वर्गात शेर म्हटला. कोट इस्त्री करून घातला. शहरातल्या डॉक्टरांच्या मंडळापुढं निबंध वाचायचं ठरलं. त्या मंडळात ते चपला घालता घालता बोलून गेलेले डॉक्टरही होते. "पहिल्या रांगेत बसतील ते," सर मला म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना फक्त त्या माणसाला ते ऐकवायचं होतं.

निबंधात पूड किती लागली ते लिहायला हवं म्हणून मी प्रयोगशाळेत गेले. लाल डबा रिकामा. तो कितीदा तरी भरला गेला होता. निळा डबा उघडला. तो काठोकाठ भरलेला होता. वर सरांनी दोन वर्षांपूर्वी दाबून ठेवलेला कागद तसाच होता.

मी बशीरभाईंना हाक मारली. डब्याकडं बोट दाखवलं. विचारलं, ही पूड कमी का झाली नाही?

"कम कैसी होंगी मॅडम?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "निकालीच नै तो."

"मग निळ्या किटलीत काय घालत होतात?"

"कॉफी."

"आणि लाल किटलीत?"

"कॉफी."

मी खाली बसले. बशीरभाई घाबरले. पाणी आणलं. मग समजावायला लागले, जसं काही चुकलं होतं ते माझंच. "चिट्ठी मैं बराबर देखा मॅडम. जिसकू लाल लिक्खे उसकू लाल में से दिया, जिसकू नीला लिक्खे उसकू नीले में से. एक बार बी गलती नै करा. पर माल दोनों में एकच डाला. आदमी अपने कने आता, बैठता, साब के सामने हात करता. मेहमान हुआ ना वो? उसकू कॉफी बोलके गुठली का पानी पिलाना? मेरे से नै होता मॅडम. ये हात से तो नै होता."

"सरांना सांगायचं होतं मग!"

"साब का दिल टूटता ना. इत्ती मेहनत करके गुठलियाँ भूंजे थे उनो."

मला इतका राग आला होता की त्यांच्या अंगावर तो डबा फेकावासा वाटला, आणि त्याच क्षणी मला त्यांचं म्हणणं पुरतं कळतही होतं. पिशोरला आमच्या दारात कुणी आलं आणि घरात दूध नसलं तर आई शेजारून मागून आणायची, पण बिनदुधाचा कप पुढं करायची नाही. बशीरभाईंच्या हातून दुसरं काही झालंच नसतं. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. जगातले सगळे निबंध वाचले होते, फक्त बशीरभाईंना विचारलं नव्हतं की खोटा कप तुम्हाला जमेल का.

दोन दिवस मी काही बोलले नाही. कुणाला काय कळणार होतं? डॉक्टर टाळ्या वाजवणार होते. एका माणसाच्या मनावरचं ओझं उतरलं होतं आणि ते पुन्हा चढवायला मी कोण? तिसऱ्या दिवशी गारखेड्याला गेले. सर ओसरीतच होते, निबंध मोठ्यानं वाचून बघत होते. म्हटलं, "सर, दोन्ही किटल्यांमध्ये खरीच कॉफी होती." आणि सगळं सांगितलं.

आधी ते हसले. खोकला लागेपर्यंत हसले. "दोन वर्षं! सगळ्या कॉलेजला मेव्हण्याची कॉफी पाजली यानं!" मग हळूहळू हसणं थांबलं आणि ते शेताकडं बघत बसले. म्हणाले, "म्हणून फरक नव्हता."

"हो, सर."

"बाई, नसतं सांगितलंत तर मला कळलं नसतं."

"हो."

"मग का सांगितलंत?"

मला रडू आलं. म्हटलं, "तुम्हीच विचारलं असतंत ना, मोजलं का म्हणून."

सरांनी बशीरभाईंना एका शब्दानंही बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना समोर बसवून एवढंच विचारलं, "बशीर, इतनी बरसां मेरे घर आया तू. बाईसाहेबांनी तुला कधी कॉफी पाजल्याशिवाय सोडलं का?"

"कब्बी नै साब."

"मग तुझं बरोबर आहे. जा."

डॉक्टरांच्या मंडळापुढं ते ठरल्या दिवशी गेले. मला वाटलं होतं, काही तरी निमित्त सांगून टाळतील. त्यांनी उभं राहून प्रयोग कसा मांडला ते सांगितलं आणि तो कसा फसला तेही सांगितलं, निळ्या डब्यासकट. सभागृह खदाखदा हसलं. पहिल्या रांगेतले डॉक्टरही हसले. सर शांतपणे थांबले आणि हसणं संपल्यावर म्हणाले, "तेव्हा कॉफीबद्दल मला आज काही सांगता येत नाही. पुन्हा करतो." आणि खाली बसले. मी मागच्या रांगेत होते. त्या हसणाऱ्या लोकांचा मला संताप आला आणि सरांचा इतका अभिमान वाटला की टाळ्या मी एकटीनंच वाजवल्या.

दुसऱ्या खेपेला किटल्या मी सांभाळल्या. सोपं नव्हतं ते. पहिल्याच दिवशी हेडक्लार्क आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि माझ्याकडं बघून हसले. यादीत त्यांच्यापुढं निळा रंग होता. मी ओतलं, पण त्यांच्या डोळ्यांकडं मला बघवेना. ते नेहमीसारखे म्हणाले, "लई तरतरी आली बघा बाई." बशीरभाई त्या तासाला व्हरांड्यातून दूर निघून जायचे. त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या दोन वर्षांत माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही.

या वेळी आकडे मी माझ्या घरी न नेता सरांसमोरच मांडले. फरक होता. फार नव्हता, पण होता. खऱ्या कॉफीनंतर रक्तदाब थोडा चढत होता. नाडीत विशेष काही नव्हतं. मी तीनदा तपासलं. प्रत्येक वेळी तेच आलं.

सरांनी रकान्यावर बोट ठेवून एकेक आकडा वाचला. "चढतो," ते म्हणाले.

"थोडा, सर. आणि ही सगळी चहावाली माणसं. ज्यांना रोजची सवय असते त्यांचा इतकाही चढत नाही, असं तुमच्याच त्या निबंधांमध्ये आहे."

"पण चढतो."

"हो."

"मग हिचं काय?"

चार वर्षांत मी टाळलेली गोष्ट आता टाळता येणार नव्हती. ती मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. "सर, यातून बाईंचं काही सांगता येत नाही. शंभर माणसांचं सांगता येतं. एका माणसाचं येत नाही. अजून दहा वर्षं प्रयोग केला तरी येणार नाही. मी हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

मला वाटलं, ते आता कोसळतील. त्यांनी फक्त मान हलवली, वर्गात पोरानं अखेर बरोबर उत्तर दिल्यावर हलवायचे तशी. "मलाही ठाऊक होतं, बाई. मी प्राणिशास्त्राचा माणूस आहे. पण दुसरं काय करणार होतो? सकाळी उठून बसायचं कुठं?" मग त्यांनी वही माझ्यापुढं सरकवली. "लिहा. निष्कर्ष."

मी पेन उघडलं.

"एक. खऱ्या कॉफीनंतर रक्तदाब थोडा वाढतो."

लिहिलं.

"दोन. सवय नसलेल्या, धडधाकट माणसांपलीकडं हा निष्कर्ष लागू करता येत नाही."

लिहिलं.

मी मान खाली घालून वाट बघत होते.

"तीन," ते म्हणाले. "तिनं मागितली. मी दिली."

सर, हा निष्कर्ष होत नाही, असं मी म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणालाही म्हटलं असतं. मी तीनचा आकडा घातला आणि ते म्हणाले तसंच खाली लिहिलं, शाईनं.